पिठातला हात

कुडाळच्या हायवेला लागून 'पालव आंबोळी एक्सप्रेस' आहे. गाडी खिडकीशी लावायची, ऑर्डर द्यायची, आणि मागच्या गाडीवाल्याने हॉर्न मारायच्या आत आंबोळीचा गरम रोल हातात पडलेला असायचा. आत काळ्या वाटाण्यांची उसळ, वर ओल्या खोबऱ्याची चटणी. दोन्ही बाजूंना बर्गरवाल्या बड्या कंपन्यांची चकाचक दुकानं, आणि मधे हे आपलं पालवांचं. गर्दी कुणाकडे असायची, ते विचारूच नका.

त्या दुकानाच्या दारावरचा हिरवा दिवा एका गुरुवारी सकाळी पिवळा झाला.

वृंदाला आधी वाटलं, यंत्र बिघडलं असणार. तिच्या स्वयंपाकघरात बोट ठेवायला जागा नव्हती. ओटा लख्ख, फ्रीज लख्ख, आणि हात तर ती दर तासाला त्या सरकारी निळ्या द्रवाने धूत होती. कातडी सोलवटली तरी धूत होती. तिने तपासणीला आलेल्या मोहोड मॅडमना तसं स्पष्टच सांगितलं.

"स्वच्छतेबद्दल तक्रारच नाही, ताई," मोहोड म्हणाल्या. त्या अन्न निरीक्षक, विदर्भातून नुकत्याच बदली होऊन आलेल्या, उभ्या उभ्याच काम उरकणाऱ्या. "मला एवढंच सांगा, पिठाला हात कोण लावतं?"

"मी. फक्त मी."

मोहोडनी यंत्राकडे पाहिलं, मग वृंदाकडे, आणि काडी बदलून पिठाची तपासणी पुन्हा एकदा केली.

आता या यंत्राबद्दल सांगायला हवं. पूर्वी हॉटेलची तपासणी म्हणजे काय होतं? साहेब यायचे, झुरळं शोधायचे, फ्रीजमध्ये डोकवायचे आणि दोन प्लेट खाऊन ढेकर देत जायचे. मग टायफॉइडची ती साथ आली, कुठल्याच औषधाला न जुमानणारी. कुठल्याशा शहरातल्या एका फास्ट फूडच्या स्वयंपाकघरातल्या एकाच माणसाच्या हातून ती पसरली, आणि त्या माणसाला स्वतःला साधी कणकणसुद्धा नव्हती. तेव्हापासून सरकारने झुरळांचा नाद सोडला आणि ते हातांच्या मागे लागलं.

हातांचं शास्त्र समजायला अवघड नाही. आपल्या तळहातावर कोट्यवधी जिवाणू नांदत असतात. कोणत्या जातीचे आणि किती, हे प्रत्येकाचं वेगळं. अगदी जुळ्या बहिणींचंही वेगळं. जिथे हात लावू तिथे त्यातले थोडे आपण ठेवून येतो. कापसाच्या काडीने ती जागा पुसायची आणि काडी यंत्रात सरकवायची. यंत्र त्या जिवाणूंची जनुकं वाचतं, सरकारी नोंदीशी ताडून बघतं आणि हात कुणाचा ते नावासकट सांगतं. हात बघून नाव सांगतं, म्हणून सगळ्या हॉटेलवाल्यांनी त्याचं नाव 'ज्योतिषी' पाडलं होतं. खाण्याचं दुकान चालवणाऱ्या प्रत्येकाला हाताची नोंद करावी लागे, आणि दारावरच्या फलकावर दिव्याखाली 'आजचे हात' म्हणून नावं आपोआप उमटत. नोंदीत नसलेला हात सापडला की पिवळा दिवा. महिन्याभरात तो दुरुस्त झाला नाही की लाल, म्हणजे टाळं.

जुना ज्योतिषी फक्त ओटे आणि भांडी वाचायचा, आणि हात अंधुक असला की यादीतलं सगळ्यात जवळचं नाव देऊन मोकळा व्हायचा. मोहोडनी आणलेला नवा होता. तो थेट अन्नातून वाचायचा.

"दोनदा केलं मी," मोहोड म्हणाल्या. "ओट्यावर, डब्यांवर तुमच्या मालकांचा हात सापडतोय. पिठात मात्र दुसराच आहे. तो सध्याच्या यादीत नाही, जुन्या नोंदींत सापडला. हेमांगी पालव कोण?"

वृंदाच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

"माझ्या नवऱ्याची पहिली बायको. तिला जाऊन सात वर्षं झाली."

"आणि तुमची नोंद वृंदा पालव या नावाने आहे ना?"

"हो. लग्न झाल्या वर्षीच केली. का?"

मोहोडनी पडदा तिच्याकडे वळवला. वृंदा पालव या नावापुढे लिहिलं होतं, 'आढळला नाही'.

*

बाहेर फलकावर ही बातमी मोहोडची गाडी वळायच्या आत लागली. उल्हास पालव, हेमांगी पालव. पहिल्यांदा वाचलं ते रोजच्या गिऱ्हाइकाने, तातू परबांनी. ते खिडकीशी आले आणि डोळे मोठे करून म्हणाले, "गो वृंदा, भायर काय लिवलला हा? तुजा नाव खंय गेला?"

"यंत्र बिघडलंय हो, तातूकाका."

"तरीच," ते म्हणाले. पण जाताना फलकाकडे बघून त्यांनी हात जोडले.

उल्हास बाजारातून नारळ घेऊन आला. पोतं खाली ठेवायचंही त्याला सुचलं नाही. खांद्यावर घेऊन फलकासमोर उभाच राहिला. वृंदा आतून बघत होती. तिला वाटलं, आता हा चिडेल, कार्यालयाला फोन लावेल, असला पोरखेळ कसा चालतो म्हणून विचारेल. तो आत आला आणि तव्यावरची आंबोळी उचलून उभ्यानेच, नुसती, सावकाश खाऊ लागला.

"उल्हास, काहीतरी बोल ना."

"पीठ तिचंच आहे गं," तो म्हणाला.

आंबोळीचं पीठ हातानेच फेटायचं, हा पालवांकडचा शिरस्ता. हाताची ऊब लागल्याशिवाय पीठ फुगत नाही, असं त्यांच्याकडे सगळेच म्हणत. दुसरा शिरस्ता असा की रोज संध्याकाळी नव्या पिठात कालच्यातलं वाटीभर घालायचं, म्हणजे चव बदलत नाही. डेंगीने फणफणलेली हेमांगी इस्पितळात जाण्याआधी पीठ फेटून गेली होती. ती परत आलीच नाही. सुतकात दुकान बंद, चूल बंद, पण उल्हास रोज उठून त्या पातेल्यात मूठभर तांदळाचं पीठ आणि पाणी घालत राहिला. मरू दिलं नाही त्याने ते. दोन वर्षांनी वृंदा लग्न होऊन आली, तेव्हा त्याने तिला पहिल्या दिवशी तेच पातेलं दाखवलं आणि म्हणाला, एवढं सांभाळ.

वृंदा इस्लामपूरची, घाटावरची. तिला आंबोळीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण तिने सांभाळलं. कोपरापर्यंत हात घालून रोज फेटलं, आंबलं का ते बोटाने चाखून बघायला शिकली, आणि लोक 'व्वा' म्हणाले की तिला वाटायचं, ही वाहवा माझी.

संध्याकाळी मैथिली कॉलेजातून आली. सोळा वर्षांची पोर, सुतासारखी सरळ. वृंदाला ती 'मावशी' म्हणायची, सांगितलेलं काम करायची, कधी उलटून बोलायची नाही. पाच वर्षांत कधी गळ्यातही पडली नव्हती. त्या दिवशी ती फलकाखाली कितीतरी वेळ उभी होती. मग तिने आईच्या नावाचा फोटो काढला आणि आत येऊन विचारलं, "मावशी, उद्यापण राहील ना ते नाव?"

*

वृंदा मोहोडना भेटायला ओरोसच्या कार्यालयात गेली. तिला खुलासा हवा होता, आणि खरं सांगायचं तर भांडायचंही होतं.

"भांडा," मोहोड म्हणाल्या, "पण आधी हात पुढे करा."

त्यांनी काडी तळहातावरून फिरवली. यंत्र घरघरलं. हेमांगी पालव. डावा हात घेतला. हेमांगी पालव.

"हे कसं शक्य आहे?" वृंदाचा आवाज चिरकला. "हा माझा हात आहे! माझ्या आईने दिलेल्या पाटल्या आहेत यात!"

मोहोडनी खुर्ची जवळ ओढली. बाई खरखरीत होती, पण वाईट नव्हती. "असं बघा. त्या बाईंच्या हातावरचे जिवाणू पिठात उतरले. त्यातल्या काहींना पीठ मानवलं. रोज नवं खायला मिळालं, रोज वाटीभर पुढे गेले. बाई गेल्या, ते राहिले. मग तुम्ही आलात. तुम्ही दर तासाला निळ्या द्रवाने हात धुता, हो ना? आम्हीच सक्ती केली आहे. त्याने तुमचे स्वतःचे सगळे मरतात. हात म्हणजे रिकामं घर होतं. आणि ते रिकामं घर तुम्ही संध्याकाळी नेऊन त्या पिठात बुडवता."

"म्हणजे तुमच्याच नियमाने..."

"आमच्या नियमाने आणि तुमच्या रीतीने. दोन्ही मिळून झालं. एकट्याने झालं नसतं."

मग त्यांनी आणखी एक काडी घेतली आणि वृंदाचं डोकं वळवून तिच्या कानामागे फिरवली. यावेळी यंत्र जरा जास्त वेळ घरघरत राहिलं.

"हां. या बघा. इथे आहात तुम्ही अजून."

वृंदाचा हात आपोआप कानामागे गेला. मोहोडनी झटकन तो हात धरला.

"लावू नका," त्या म्हणाल्या. "त्या हाताने तर मुळीच नाही."

*

जवळ्याची, त्या सुक्या बारीक कोळंबीची, गोष्ट त्याच आठवड्यातली. वृंदाचं माहेर शाकाहारी. पाच वर्षं तिने घरच्यांसाठी मासळी रांधली ती नाकाला पदर लावून, आणि स्वतःच्या पानात कधी वाढून घेतली नाही. त्या दुपारी जेवताना तिला एकाएकी सुक्या जवळ्याची अशी काही इच्छा झाली, की तोंडाला पाणी सुटलं. कच्चा कांदा, कोकम, वर खोबरेल. ती उठली, जवळा भाजला, कालवला आणि भाताबरोबर बोटं चाटत खाल्ला.

समोर उल्हास आणि मैथिली घास हातात धरून बसले होते.

"कोकम तू कुणाला विचारून घातलंस?" उल्हासने विचारलं.

"कुणाला म्हणजे? घालतात ना?"

"आमच्या घरात चिंचच घालतात. कोकम एकटी हेमांगी घालायची."

पिठाची चव बघताना वृंदा रोज बोटभर पीठ पोटात घालत आली होती. पोटातल्या जिवाणूंचा आणि जिभेच्या आवडीनिवडींचा संबंध असतो, हे शास्त्रज्ञ बरीच वर्षं सांगताहेत. पण कोकम? कोकमाचं कुठलं शास्त्र? तिने ताट बाजूला सारलं, मोरीत जाऊन खळखळून चूळ भरली. चव काही जाईना, आणि सगळ्यात भीतीची गोष्ट म्हणजे ती जावी असं तिला वाटेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. ती गल्ल्यामागे जरा टेकली होती. मैथिली शेजारी येऊन बसली.

"मावशी, हात दे ना."

वृंदाने दिला. मुलीने तो दोन्ही हातांत घेतला, तळवा वर केला आणि त्यात आपलं तोंड ठेवलं. तिचा श्वास गरम लागत होता. तिने खोल, पोटभरून वास घेतला, डोळे मिटले आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "आई."

पाच वर्षं. पाच वर्षं वृंदा या एका शब्दासाठी झुरली होती. तापात पोरीच्या उशाशी बसली, डबे केले, पालकसभांना गेली, मनातल्या मनात दुसऱ्या खोलीतून ही हाक कितीदा ऐकली. आता ती हाक आली होती, आणि आली ती पत्ता चुकून. वृंदाला त्या हाताचा हेवा वाटला. स्वतःच्याच मनगटाला जोडलेल्या हाताचा! तिने उत्तर दिलं नाही. हात काढूनही घेतला नाही. तिचे डोळे भरून आले ते पोरीला दिसलंही नाही.

त्यानंतर मैथिली रोज येऊ लागली. हात मागायची, गालाशी धरायची आणि त्या हाताशी कॉलेजातलं बोलायची. कोण मैत्रीण बोलत नाही, कोणता मुलगा बघतो, सगळं सगळं. वृंदा तिथेच असायची. पण मुलगी कधी वर तिच्या चेहऱ्याकडे बघायची नाही.

*

"मी ते पीठ फेकणार आहे," महिना संपत आला तेव्हा वृंदा म्हणाली.

उल्हास नारळ सोलत होता. त्याने कोयता खाली ठेवला.

"दुकानासाठी?"

"दुकानासाठीही. लाल दिवा लागला तर खाणार काय आपण? पण दुकानासाठीच असं खोटं नाही सांगणार. मला भीती वाटते, उल्हास. सकाळी वेणी घालताना मला माझेच हात परके वाटतात. कुणी दुसरंच माझे केस विंचरतंय असं वाटतं."

मैथिली दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "तू तिला परत मारणार?" तिने विचारलं.

"अगं, पीठ आहे ते, मैथू!"

"मग तुझं नाव का नाही आलं?" पोरगी किंचाळली. "पीठ आहे तर तुझं नाव का नाही आलं सांग ना!"

उल्हास उठला आणि नदीकडे निघून गेला. त्याला तिला थांबवायचंही नव्हतं आणि ते बघवणारही नव्हतं, हे वृंदाला समजलं. संध्याकाळी तिने पातेलं उचललं, मागच्या परसात माडाच्या बुंध्याशी ओतलं, वरून उकळतं पाणी टाकलं आणि पातेलं कडक तापवून घेतलं. मग नवे तांदूळ, नवी उडीद डाळ भिजवून वाटली आणि स्वतःच्या हाताने फेटली. सकाळी पीठ टम्म फुगलं होतं. तिला इतका आनंद झाला की ती एकटीच हसली.

मोहोड आल्या. काडी घातली. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"पीठ फेकलं नाहीत?"

"फेकलं! सगळं! हे नवं आहे!"

"मग आता ते पिठातून तुमच्यात आलं नाही, ताई. तुमच्यातून पिठात गेलंय." त्यांनी पडदा दाखवला. हेमांगी पालव. मग त्यांनी काडी वृंदाच्या कानामागे फिरवली. यंत्र घरघरत राहिलं, घरघरत राहिलं. "इथेही फार थोड्या उरलात तुम्ही."

कायदा काय म्हणतो ते मोहोडनी सांगितलं. मृत माणसाच्या हाताची नोंद पुन्हा होत नाही, आणि नोंद नसलेला हात स्वयंपाकघरात चालत नाही. त्यांना टाळं लावायचं नव्हतं, म्हणून त्यांनी मार्ग काढला. पीठ आता यंत्राने फेटायचं. वृंदाने स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, या घरातही राहायचं नाही, कारण घरातल्या प्रत्येक कडीला, उशीला, माणसाला तोच हात लागला होता. माहेरी जायचं. निळा द्रव बंद. मातीत हात घालायचे, जनावरांना लावायचे, आईच्या हातचं खायचं, ज्यांच्यात वाढलो त्यांच्यात राहायचं. उरलेसुरले हळूहळू वाढतील आणि हात परत येईल. कदाचित येईल.

उल्हास स्टँडवर सोडायला आला. बॅग वर ठेवून खाली उतरला आणि खिडकीशी उभा राहिला.

"परत येशील ना गं?"

"कोण परत यायला हवंय तुला?" वृंदाने विचारलं.

तो भला माणूस होता, त्याला खोटं बोलता येत नसे. त्याने खिडकीच्या गजावरचा हात काढला आणि बस सुटली.

*

इस्लामपुरात आईने दारात तिचा हात हातात घेतला आणि लगेच सोडला. "काय झालंय गं?" ती म्हणाली. "हात तुझा लागत नाही."

वृंदा तिथेच उंबऱ्यावर बसून हमसून हमसून रडली.

मग दिवस गेले. ती भावाबरोबर शेतावर गेली, ऊस बांधणीला मातीत हात घातले, म्हशीच्या अंगावरून हात फिरवले, आईबरोबर भाकऱ्या थापल्या. सुरुवातीला वरणभात घशाखाली उतरत नव्हता, जिभेला सारखं खारट काहीतरी हवं असायचं. मग हळूहळू ते कमी झालं. एका सकाळी आईने बोलता बोलता तिचा तळवा ओढून स्वतःच्या गालावर ठेवला आणि तशीच पुढे बोलत राहिली. तेव्हा वृंदाला कळलं, आपण परत आलो. जवळ्याचं नाव काढलं तरी तिला मळमळायला लागलं, आणि त्या मळमळीचाही तिला आनंद झाला.

ती कुडाळला उतरली. मोहोडनी काडी फिरवली आणि पहिल्यांदाच हसल्या. दिवा हिरवा झाला आणि फलकावर नावं उमटली. उल्हास पालव, वृंदा पालव. कित्येक दिवसांनी तिने आपल्या दुकानावर आपलं नाव पुन्हा वाचलं.

चव गेली अशी कुरबुर गिऱ्हाइकांनी केली, पण फार नाही. तातू परबांनी फलक वाचून मान डोलावली, हात मात्र जोडले नाहीत. उल्हास नेहमीसारखाच चांगला वागला. जास्तच चांगला, पाहुण्याशी वागतात तसा.

आणि मैथिलीने पहिल्याच दुपारी हात मागितला. वृंदाने पुढे केला. मुलीने तळवा वर केला, वास घेतला. थांबून पुन्हा घेतला. मग तिने तो हात जपून, काचेचं भांडं ठेवावं तसा, वृंदाच्या मांडीवर परत ठेवला.

"चहा ठेवू, मावशी?" तिने विचारलं.

आठवडे गेले. मैत्रीण बोलत होती की नाही, त्या मुलाचं काय झालं, वृंदाला काहीच कळेना. विचारलं तर 'काही नाही' एवढंच. पोरगी जेवायची, अभ्यास करायची, थँक्यू म्हणायची. वृंदा एकदा तिच्या खोलीच्या बंद दारासमोर थांबली, आणि आपण कशासाठी एवढं भांडून परत आलो, असं तिच्या मनात आलं.

रविवारी उल्हास बाजारात गेला असताना मैथिली तिच्याजवळ आली. हातात स्टीलचा डबा होता, बाहेरून बर्फाने पांढरा पडलेला.

"तू फेकलंस ना, त्याच्या आधी मी थोडं काढून ठेवलं होतं. आजोळी, आजीच्या जुन्या फ्रीजरमध्ये, आंब्याच्या रसाखाली." ती डब्याकडे बघत म्हणाली, "मी थोडं थोडं वितळवून त्यात माझा हात घालून बघितला. कितीदा घातला. माझ्या हाताला तो वास नाही येत."

वृंदाने डब्याकडे पाहिलं. गोठलेलं असलं तरी ते मेलेलं नव्हतं, एवढं शास्त्र ती आता शिकली होती. चार दिवस उबेत ठेवलं, खायला घातलं की जागं झालं असतं. आणि त्यात हात घालायचा तर रोज घालायला हवा होता, आधी निळ्या द्रवाने धुऊन. तसं केलं की फलकावरून तिचं नाव जाणार, स्वयंपाकघरातून तीही जाणार. मग कानामागून. आणि यावेळी परत येण्याइतकी उरेल की नाही, कुणी सांगावं?

"मी तुला सांगत नाहीये घाल म्हणून," मैथिली म्हणाली. "मला माहीत आहे की हे चूक आहे. तू नाही म्हण ना. तू नाही म्हणालीस तर मी आत्ता फेकते."

ती खरंच फेकेल, हे वृंदाला दिसत होतं. सोळा वर्षांची पोर, दोन्ही हातांनी डबा धरून उभी होती आणि तिची बोटं गारठून लाल झाली होती. पाच वर्षांत ही मुलगी पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्याकडे बघून बोलत होती.

वृंदाने डबा घेतला. चुलीजवळ उबेला ठेवला. पीठ हळूहळू विरघळलं, त्यात तिने मूठभर तांदळाचं पीठ घातलं, पाणी घातलं, आणि त्याला बारीक बुडबुडे येऊ लागले. घरभर तो जुना आंबूस वास पसरला. उल्हास आत आला, दारातच थबकला, आणि मग कोयता घेऊन नारळ सोलायला बसला.

मग वृंदाने पाटल्या काढून ठेवल्या. हात निळ्या द्रवाने धुतले, नखांपर्यंत, कोपरापर्यंत, काही उरू नये असे. आणि पिठात घातले. पीठ कोमट होतं. तिला वाटलं होतं की भीती वाटेल, शिसारी येईल. तसं काहीच झालं नाही. बोटं आपसूक फिरू लागली.

पुढे तिने ते रोज केलं. किती दिवस, हे तिने मोजलं नाही, आणि शेवटी शेवटी मोजावंसंही वाटेना. एका संध्याकाळी ती परसात तांदूळ निवडत बसली होती. मैथिली मागून आली, तिच्याजवळ बसली, तिचा हात घेऊन गालाशी धरला.

"आई," ती म्हणाली.

आणि वृंदाने ओ दिली.